पहिल्या पानावरचा माणूस

साइटवाला छत्रपती संभाजीनगरात सिडको, हडको, गारखेडा, उल्कानगरी आणि सातारा परिसर या भागांत प्रामुख्याने आढळतो. वय साधारण बावीस ते पस्तीस. वडील वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या कंपनीतून निवृत्त झालेले किंवा निवृत्तीच्या बेतात असलेले. घर दुमजली, वरचा मजला भाड्याने द्यायचा म्हणून बांधलेला असतो. भाडेकरू मिळेपर्यंत साइटवाला वर राहतो, मिळाला की लॅपटॉप घेऊन खाली हॉलमध्ये येतो. त्याच्या धंद्याला घरात अजून नाव पडलेले नाही. शेजारच्या काकूंनी विचारले तर आई 'ऑनलाइन काहीतरी करतो' एवढे सांगते आणि घाईने नळाच्या पाण्याचा विषय काढते, जो या शहरात केव्हाही काढता येतो.

धंदा सांगायला सोपा आहे. वेबसाइट काढायची, लोक गूगलवर जे शोधतात त्या विषयांचे लेख तिच्यावर टाकायचे, ते लेख शोधाच्या पहिल्या पानावर येतील अशी खटपट करायची आणि आलेल्या वाचकांना जाहिराती दाखवायच्या. या खटपटीला एसईओ म्हणतात. जाहिराती बहुधा गूगलच्याच, २००३ साली सुरू झालेल्या ॲडसेन्स योजनेतल्या. जाहिरातदाराने मोजलेल्या पैशातला मोठा वाटा साइटवाल्याला मिळतो; गूगलने जाहीर केलेला आकडा बरीच वर्षे ६८ टक्के होता. यात कोणाची फसवणूक नाही. माणसाला प्रश्न पडणे आणि त्याला उत्तर मिळणे यांच्यामध्ये जो वेळ जातो, तेवढ्यात जाहिरात बसवता येते, हे ज्याच्या लक्षात आले तो साइटवाला झाला. हा वेळ वाढवता येतो हे ज्याच्या लक्षात आले, तो यशस्वी साइटवाला झाला.

शिक्षण बहुतेक वेळा मेकॅनिकलचे. बजाज ऑटोने १९८५ मध्ये वाळूजला कारखाना सुरू केला तेव्हापासून या शहरातल्या वडिलांचा मेकॅनिकल शाखेवर जो विश्वास बसला आहे, तो मुलाच्या कलाने हलत नाही. मुलगा दहावीनंतर डिप्लोमा करतो, मग डायरेक्ट सेकंड इयरला जातो, शेवटच्या वर्षी कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांची वाट पाहतो आणि ती पाहता पाहता यूट्यूबवर घरबसल्या कमाईचा व्हिडिओ पाहतो. एसईओचे त्याचे सगळे शिक्षण तिथेच आणि हिंदीतून होते. पुढे मराठी साइट काढली तरी धंद्याची बोली वेगळीच राहते. 'ट्रॅफिक चांगला यायलाय, पण आरपीएम वाढंना गेलाय,' किंवा 'चार दिवस झाले, आर्टिकल इंडेक्सच होईना गेलंय,' अशी वाक्ये सिडकोतल्या कॅनॉटला चहाच्या टपरीवर रात्री उशिरा ऐकू येतात. पान हजार वेळा उघडले गेले तर जे पैसे मिळतात तो आरपीएम. आणि आपले पान अस्तित्वात आहे अशी गूगलने नोंद घेणे म्हणजे इंडेक्स होणे. दुसरे झाल्याशिवाय पहिला वाढत नाही आणि दुसरे झाल्यावरही बहुधा वाढत नाही.

सुरुवात डोमेन घेण्यापासून होते. साइटचे हे नाव दरवर्षी पैसे भरून राखावे लागते. पहिले वर्ष स्वस्तात मिळते, दुसऱ्या वर्षी पूर्ण दर लागतो, आणि म्हणून पुष्कळशा साइट पहिल्या वाढदिवसाच्या आसपास दगावतात. नोव्हेंबरच्या सेलमध्ये एकदम चार-पाच नावे घेऊन ठेवणारेही असतात. त्यांच्याकडे डोमेन असते, होस्टिंग असते, थीम असते, लोगोसुद्धा तयार असतो; लिहायचे तेवढे राहिलेले असते.

पहिली साइट मोबाइलच्या परीक्षणांची. कधी हातात न घेतलेल्या फोनचा कॅमेरा अंधारातही उत्तम असल्याचा निर्वाळा तीत दिलेला असतो. ती बुडाल्यावर साइटवाल्याला सीपीसीचा शोध लागतो. सीपीसी म्हणजे एका क्लिकला जाहिरातदार देत असलेली किंमत. ती लिलावात ठरते, आणि विमा, कर्ज व वकील या तिघांसाठी अमेरिकेतले लोक सर्वांत जास्त बोली लावतात. तेव्हा दुसरी साइट इंग्रजीत निघते आणि टेक्सासमधल्या मोटार विम्यावर सिडको एन-सातमधून मार्गदर्शन सुरू होते. अपघात झाल्यास सर्वप्रथम घाबरून न जाता आपल्या वकिलाला फोन करावा, असे त्यात लिहिलेले असते. लेखकाकडे स्प्लेंडर असते आणि तिचा विमा मार्चमध्ये संपलेला असतो.

टेक्सासची जनता फिरकत नाही असे दिसल्यावर साइटवाला मराठीकडे वळतो. हे वळण यायला वेळ लागला याचे कारण भाषाप्रेमाचा अभाव एवढेच नव्हते. ॲडसेन्सने हिंदीला २०१४ च्या डिसेंबरात अधिकृत मान्यता दिली आणि मराठीची पाळी त्यानंतर काही वर्षांनी आली. मान्यता मिळताच मराठीत एक नवे वाङ्मय फोफावले, ज्याची दखल साहित्य संमेलनांनी अद्याप घेतलेली नाही. नवरीसाठी उखाणे, नवरदेवासाठी उखाणे, डोहाळजेवणाचे उखाणे, र वरून मुलांची नावे, लग्नपत्रिकेचा मजकूर, निरोप समारंभाचे भाषण, 'माझा आवडता ऋतू' दहा ओळींत आणि वीस ओळींत. मराठवाड्यात त्यात एका खास पिकाची भर पडते. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, आणि आदल्या रात्री आठही जिल्ह्यांतले पालक पाल्यासाठी भाषण शोधतात. साइटवाल्याने ते ऑगस्टमध्येच लिहून ठेवलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेकडो शाळांत तेच भाषण त्याच आवेशात होते. त्यात एखादे साल चुकलेले असेल तर ते सर्वत्र सारखेच चुकते, आणि गुरुजींनी स्वतःचे भाषणही तिथूनच घेतलेले असल्यामुळे ती चूक पुढल्या वर्षीपर्यंत टिकते.

उखाण्यांवर घर चालत नाही. खरा धंदा तीन ठिकाणी आहे: भरती, योजना आणि धरण.

भरतीचे गणित कोणालाही कळेल. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. हे दहा लाख लोक एकदाच शोधत नाहीत. ते जाहिरात शोधतात, अभ्यासक्रम शोधतात, हॉलतिकीट, उत्तरतालिका, निकाल, गुणवत्ता यादी आणि शेवटी 'पुढची तलाठी भरती कधी' हेही शोधतात. सरकारी संकेतस्थळावर ही माहिती तिरप्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, कोणाच्या तरी सहीखाली असते. साइटवाला ती उघडतो, वाचतो आणि पात्रता, वय, फी, शेवटची तारीख असे चौकटी आखून मांडतो. हे काम उपयोगाचे आहे, आणि ज्या खात्याचे ते आहे त्या खात्याने केले असते तर साइटवाल्याला ते करावे लागले नसते. औरंगपुऱ्यात पुस्तके घेणाऱ्या आणि अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या मुलांना शेवटची तारीख बहुधा त्याच्याकडूनच कळते.

योजनांच्या बाबतीत एवढे बरे बोलता येत नाही. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली: वय २१ ते ६० (लवकरच वाढवून ६५), दरमहा १,५०० रुपये. साइटवाल्याच्या व्यवसायात या तारखेला तेच स्थान आहे जे कापूस उत्पादकाच्या आयुष्यात चांगल्या पावसाच्या वर्षाला असते. पहिले दोन हप्ते ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या आधी जमा झाले आणि तेव्हापासून 'पुढचा हप्ता कधी येणार' हा प्रश्न महाराष्ट्रात दर महिन्याला नव्याने विचारला जातो. निवडणुकीत २,१०० रुपयांचे आश्वासन आल्यावर '२१०० कधी' हा दुसरा प्रश्न जन्मला. २०२५ मध्ये ई-केवायसी आली तेव्हा तिसरा. उत्तर यांतल्या कशाचेही लेखकाला माहीत नसते. न जाणणाऱ्या माणसाने बाराशे शब्द लिहायचे, ही कला मात्र त्याने सिद्धीस नेली आहे.

लेखाची रचना ठरलेली असते. 'नमस्कार मित्रांनो, आजच्या लेखात आपण लाडकी बहीण योजनेचा पुढचा हप्ता कधी येणार याबद्दल सविस्तर माहिती पाहणार आहोत, त्यामुळे लेख शेवटपर्यंत नक्की वाचा.' मित्रांना नमस्कार असतो, जरी वाचणाऱ्या सगळ्या बहिणी असल्या तरी. जाहिरात. मग योजना म्हणजे काय. ज्या बाईच्या खात्यात वर्षभर पैसे येत आहेत तिला योजना म्हणजे काय हे पुन्हा सांगितले जाते. जाहिरात. योजनेचे उद्दिष्ट. पात्रता. लागणारी कागदपत्रे, त्यांत आधार कार्ड पहिले. जाहिरात. मग 'हप्ता कधी येणार?' असे मोठ्या अक्षरांतले मथळ्याचे वाक्य, आणि त्याखाली: अधिकृत तारीख अद्याप जाहीर झालेली नाही, मात्र सूत्रांच्या माहितीनुसार लवकरच येण्याची शक्यता आहे. सूत्र म्हणजे गारखेड्यातला दुसरा साइटवाला. त्याचे सूत्र हा पहिला. शेवटी व्हॉट्सॲप ग्रुपला सामील होण्याचे हिरवे बटण.

धरणाचा विषय पावसाळ्यापुरता, पण जोरदार. पैठणच्या जायकवाडीचे पाणी शहर पिते, शेती पिते, उद्योग पितात, त्यामुळे जुलैपासून लाखो माणसे नाथसागराचा टक्का पाहत असतात. सरकारी आकडा दिवसातून एकदा-दोनदा बदलतो. साइटवाल्याचे शीर्षक तासाला. धरणाला २७ दरवाजे आहेत, आणि ते सगळे एकदम उघडले जाऊ नयेत अशी साइटवाल्याची मनोमन इच्छा असते. आधी सहा, मग बारा, मग अठरा असे अर्ध्या-अर्ध्या फुटाने उघडले तर प्रत्येक वेळी नवे पान करता येते. 'शहरात पाणी कधी येणार' यावरही त्याचा लेख असतो आणि तो पहिल्या पानावर असतो. त्याच्या स्वतःच्या घरी नळ कधी येणार हे मात्र आईला शेजारच्या काकूच सांगतात.

पर्यटनावर लिहिणारी एक वेगळी शाखा आहे. तिचे वैशिष्ट्य असे, की वाचकाला हवी असलेली एकच ओळ ती लेखाच्या तळाशी ठेवते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. पर्यटकाला घरातून निघण्यापूर्वी कळायला हवे ते एवढेच. लेख मात्र राष्ट्रकूटांपासून सुरू होतो. कृष्ण पहिला, आठवे शतक, सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे वरून खाली कसे खोदले, एकूण ३४ लेणी, त्यांतली बौद्ध किती, हिंदू किती, जैन किती, जाताना पाणी व टोपी सोबत ठेवावी, माकडांपासून सावध राहावे. शहरापासून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर आहे. मंगळवारी सकाळी रिक्षात बसून मोबाइलवर हा लेख वाचायला घेतलेला पर्यटक, जाहिराती चुकवत चुकवत, बंद असण्याच्या परिच्छेदापाशी आणि बंद फाटकापाशी एकाच वेळी पोचतो.

शहराच्या नामांतराला साइटवाल्यांच्या इतिहासात वेगळे स्थान द्यावे लागते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे फतेहनगर झाली, मग औरंगाबाद. पण तेव्हा कोणाला शीर्षके बदलावी लागली नव्हती. २०२२ च्या जूनमध्ये एका मंत्रिमंडळाने संभाजीनगर असा निर्णय घेतला, जुलैत दुसऱ्याने त्याला छत्रपती जोडले, २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची मान्यता आली, सप्टेंबरात जिल्ह्याचेही नाव बदलले आणि २०२४ पर्यंत न्यायालयांत याचिका चालल्या. राजकीय मत काहीही असो, कीवर्ड म्हणून साइटवाला दोन्ही नावांचा सारखाच आदर करतो. नव्या नावाने एक अनपेक्षित फायदा झाला. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, आणि 'औरंगाबाद न्यूज' शोधणाऱ्यापुढे तिकडची निवडणूक, तिकडचा अपघात आणि तिकडचे हवामान येत असे. ते थांबले. तोटा असा, की नवे नाव रोमन लिपीत टाइप करताना पहिल्याच अक्षरापाशी लोकांच्या वाटा फुटतात, कंटाळलेले लोक सीएसएन लिहितात आणि लांबून येणारे अजून जुनेच नाव शोधतात. साइटवाला ही सगळी रूपे पहिल्या परिच्छेदात बसवतो. परिच्छेद वाचून लेख चार शहरांविषयी आहे असे वाटते.

साइट तयार झाली की ॲडसेन्सकडे अर्ज जातो. पहिले उत्तर जवळजवळ नेहमीच नकाराचे असते आणि त्यात 'लो व्हॅल्यू कंटेंट' हे कारण दिलेले असते. इंजिनिअरिंगच्या आठ सेमिस्टरमध्ये कोणत्याही परीक्षकाने जे इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते ते इथे एका ओळीत कळते. सुधारणा करून पुन्हा अर्ज करायचा. मंजुरी मिळाली की घरच्यांना दाखवले जाते, आणि इथे पहिला धोका असतो. मुलाला क्लिकचे पैसे मिळतात असे कळल्यावर आई, मावशी आणि जालन्याची आत्या दुपारी जेवणे आटोपून श्रद्धेने जाहिरातींवर क्लिक करू लागतात. गूगलला ही माया ओळखता येते आणि ते खाते बंद करते. घरात हे कारण कोणाला सांगितले जात नाही.

खाते टिकले आणि कमाई दहा डॉलरवर गेली, की गूगल पत्त्याच्या पडताळणीसाठी सहा आकडी पिन पाठवते. हा पिन ईमेलने येत नाही, साध्या टपालाने येतो. जगातली सर्वांत प्रगत संगणक कंपनी आणि सिडकोचा पोस्टमन यांची गाठ इथे पडते. सिडकोतला पत्ता एन, त्यापुढे आकडा, मग एल किंवा एम, त्यापुढे आकडा, मग ओळ आणि घर असा असतो. तो इंग्रजीत एका ओळीत बसवल्यावर एखाद्या यंत्राच्या सुट्या भागाचा क्रमांक वाटतो. टपाल दोन ते चार आठवड्यांत येते किंवा येत नाही. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. म्हणून एरवी दुपारपर्यंत झोपणारा साइटवाला या काळात अकरा वाजता फाटकाशी उभा दिसतो आणि पोस्टमनला चहा विचारतो. आपल्याला कोणी प्रेमपत्र पाठवणार आहे की काय, असा संशय वडिलांना याच सुमारास येतो.

पैसे शंभर डॉलर जमल्याशिवाय मिळत नाहीत. जमले की महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात आणि बँकेत पोचतात, जिथे परदेशातून पैसे कशाचे आले असे विचारले जाते. 'उखाण्यांचे' हे उत्तर फॉर्मच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. पहिल्या कमाईचा स्क्रीनशॉट स्टेटसला लागतो. डॉलरचे चिन्ह स्पष्ट दिसेल आणि दशांश चिन्ह दिसणार नाही इतपत तो कापलेला असतो. पेढे येतात. पेढ्यांचा खर्च वजा जाता काही उरले का, हे विचारण्याची पद्धत नाही.

झोपेच्या वेळांवरून साइटवाल्याला नावे ठेवली जातात, ती अन्यायाची आहेत. ॲडसेन्सचा हिशेब मूळचा कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतो. तिथे मध्यरात्र होते तेव्हा इथे उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. तेव्हा जुना दिवस मिटून आकडा शून्यावर येतो. साइटवाला त्याच सुमारास उठतो, म्हणजे त्याच्या धंद्याच्या हिशेबाने तो रोज उजाडतानाच उठत असतो. वडिलांना हे पटवण्याचा प्रयत्न कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

लेख वर आणण्याचे शास्त्र हा या जमातीच्या अभिमानाचा विषय आहे. गूगलच्या संस्थापकांनी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी, १९९८ मध्ये मांडलेली मूळ कल्पना अशी, की एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा ही शिफारस समजावी, आणि वजनदार पानाच्या शिफारशीला जास्त वजन द्यावे. स्टॅनफर्डमध्ये ही कल्पना क्रांतिकारक ठरली. मराठवाड्यात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हापासून ती सर्वांना तोंडपाठ होती. त्यामुळे पुढचे पाऊल, म्हणजे शिफारस विकत घेणे, इथे कोणाला शिकवावे लागले नाही. बॅकलिंकचे, म्हणजे अशा दुव्यांचे, दर ठरलेले असतात. कोणाच्या तरी पाककृतींच्या साइटवर साबुदाण्याच्या खिचडीत मध्येच वैयक्तिक कर्जाचा दुवा लागतो. गूगलने २०१२ च्या पेंग्विन बदलात अशा शिफारशी पकडायला सुरुवात केली. बाजार उठला नाही, फक्त दुवे खिचडीत खोलवर लपवले जाऊ लागले.

साइटवर पोट भरेना की साइटवाला गावातली कामे घेतो. बीड बायपासवरचे लॉन्स, दाताचे दवाखाने, आरओ दुरुस्तीवाले, पॅकर्स अँड मूव्हर्स हे त्याचे ग्राहक. बोली एकच: पहिल्या पानावर आणून देतो. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शनात छापलेले आहे, पण लॉन्सचे मालक ते वाचत नाहीत. महिनाअखेरीस साइटवाला मालकाच्या ऑफिसात जातो, मालकाचाच मोबाइल मागतो आणि 'जवळचे मंगल कार्यालय' असे शोधून दाखवतो. लॉन्स पहिले येते. शोधणारा माणूस त्या लॉन्सच्या आवारातच उभा असल्यामुळे गूगल मॅपला दुसरे काही दाखवण्याला फारसा वाव नसतो. मालक खूश होऊन चेक फाडतो. परीक्षणांचे कामही याच पॅकेजमध्ये येते. एखाद्या प्रसूतिगृहाला पाच तारे देऊन 'अनुभव अतिशय छान' लिहिणाऱ्यांची यादी पाहिली तर त्यांत साइटवाल्याचे अविवाहित मामेभाऊ ओळीने सापडतात.

या आयुष्यातले संकट एकच, आणि त्याला अपडेट म्हणतात. गूगल अधूनमधून क्रमवारीचे नियम बदलते: २०११ मध्ये पांडा, मग पेंग्विन, २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'हेल्पफुल कंटेंट', ज्याचे सांगणे एवढेच होते की यंत्रासाठी न लिहिता माणसांसाठी लिहा, आणि २०२४ च्या मार्चमध्ये ढिगाने उत्पादन केलेल्या मजकुरावरची मोठी धाड. बेगमपुऱ्याजवळच्या पाणचक्कीला पाणी दूर डोंगराकडून मातीच्या नळांनी येते. चक्कीवाल्याने जात्याला कितीही सुबक टाकी लावली तरी वरचे पाणी थांबल्यावर दगड थांबतो. अपडेटच्या रात्री साइटवाल्याचे असेच होते. काल दहा हजार वाचक, आज चारशे. कॅनॉटला तातडीची बैठक भरते. एक म्हणतो थीम जड झाली होती, दुसरा म्हणतो बॅकलिंक विषारी होत्या, तिसरा अमेरिकेच्या निवडणुकीशी संबंध जोडतो. लेखात काही नव्हते, ही शक्यता कोणी मांडत नाही. मांडली तर त्याला चहाचे पैसे द्यावे लागतात.

लग्नाच्या बाजारात साइटवाल्याचा बायोडेटा 'व्यवसाय: स्वतःची डिजिटल कंपनी' असा असतो. मुलीच्या वडिलांचा पहिला प्रश्न, कंपनी शेंद्र्याला की वाळूजला. दुसरा, पगार किती. दुसऱ्याचे उत्तर म्हणून मोबाइलवर गेल्या २८ दिवसांचा आलेख दाखवला जातो, जो मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना बसका असतो. ते गृहस्थ चष्मा लावून आलेख पाहतात, त्याला ईसीजी समजून मुलाच्या प्रकृतीची चौकशी करतात आणि परत जाताना मध्यस्थाला एखादा तलाठी पाहायला सांगतात. लग्ने होतात, बहुधा मुलीला नोकरी असते.

पस्तिशीच्या आसपास साइटवाला लिहिणे थांबवून शिकवू लागतो. साइटने न दिलेले पैसे, साइटने पैसे कसे मिळतात हे सांगून मिळतात. उस्मानपुऱ्यात किंवा टीव्ही सेंटरला एक खोली, भिंतीवर जुना डॉलरचा स्क्रीनशॉट मोठा करून लावलेला, समोर मेकॅनिकलची दहा मुले. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी डोमेन घ्यायला लावले जाते. त्यातला संदर्भ-कमिशनचा भाग सरांना मिळतो आणि या धंद्यातले ते सर्वांत खात्रीचे उत्पन्न आहे.

अलीकडे व्यवसायाच्या पायालाच हात लागला आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून गूगल भारतात, आधी इंग्रजी आणि हिंदीत, शोधाच्या सर्वांत वर स्वतःच तयार उत्तर देऊ लागले. वेरूळ मंगळवारी बंद, हे आता कोणतेही पान न उघडता दिसते. हे उत्तर ज्या लेखांतून उचललेले असते ते लेख खाली तसेच राहतात, जाहिराती लावून, वाचकाविना. सतराव्या परिच्छेदात दडवलेली ओळ यंत्राने नेमकी शोधून काढली, यात साइटवाल्याला चोरीपेक्षा अपमान जास्त वाटतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली जागा, जी त्याची सगळी जमीनदारी होती, ती आता दुसऱ्याच्या नावावर लागली. स्वतः साइटवाला २०२३ पासून त्याच जातीच्या यंत्राकडून रात्रीत चाळीस लेख लिहून घेत होता, ही बाब बैठकीत निघत नाही.

जमात मात्र संपण्याची चिन्हे नाहीत. काही यूट्यूबवर गेले आणि तिथे जायकवाडीच्या दरवाजांसमोर उभे राहून बोलतात. काही शेंद्र्याच्या नव्या कारखान्यांत मेकॅनिकलची पदवी घेऊन हजर झाले. उरलेल्यांनी व्हिजिटिंग कार्ड नवे छापले आहे. त्यावर एसईओ खोडून जीईओ आले आहे, आणि बोली आता 'एआयच्या उत्तरात तुमचं नाव आणून देतो' अशी झाली आहे. लॉन्सचे मालक त्यालाही तयार आहेत. महिनाअखेरीस त्यांचाच मोबाइल घेऊन चॅटजीपीटीला 'बीड बायपासवरचं सगळ्यात चांगलं लॉन्स कोणतं' असे विचारले जाते. मालकाने महिनाभर रोज रात्री त्याच मोबाइलवर स्वतःच्याच लॉन्सची चौकशी केलेली असते, त्यामुळे नाव येते. दर पूर्वीचाच ठेवला आहे; तीन महिन्यांचे आगाऊ दिल्यास गूगलचे पहिले पान फुकट.